थांबण्याची मुभा

१८ जून २०२४ च्या सकाळी वसई पूर्वेच्या चिंचपाडा भागात भर रस्त्यावर एका तरुणीचा खून झाला. मारणारा तिच्या ओळखीचा तरुण होता आणि त्याच्या हातात लोखंडी पाना होता. आजूबाजूला माणसे होती, वाहने होती, मोबाइल होते. चित्रफीत राज्यभर फिरली आणि पुढचे काही दिवस एकच निदान ऐकू येत राहिले: समाज बधिर झाला आहे, तरुणांना तर कशाचेच काही वाटेनासे झाले आहे. त्याच प्रसंगात एक जण मारेकऱ्याला आवरायला पुढे झाला होता. त्याच्यावर पाना उगारला गेला आणि तो मागे सरला. त्याच्याविषयी फारसे कुणी लिहिले नाही. आम्हाला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग तोच वाटतो. एकाला वाटले, तो हललाही. पण त्याच्या शेजारी दुसरा येऊन उभा राहिला नाही.

‘बधिर’ हे निदान करायला सोपे, पण त्यातून औषध काही निघत नाही. वसई-विरारच्या मुलांना उपदेश कमी पडला असेही म्हणता येणार नाही. शाळेत परिपाठ झाला, मूल्यशिक्षण झाले. रविवारच्या चर्चमधले प्रवचन, गावच्या सप्ताहातले कीर्तन, मशिदीतला खुत्बा, विहारातली वंदना यांपैकी काही ना काही बहुतेकांच्या कानावर पडलेच आहे. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे फाउंडेशन कोर्स होता. त्यात विषमता, स्त्रियांचे प्रश्न, अपंगांचे प्रश्न, मानवी हक्क असे सगळे होते. आता नव्या शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षणाचे स्वतंत्र श्रेयांक आहेत. चांगले काय आणि वाईट काय, हे या मुलांना ठाऊक आहे. प्रश्नपत्रिकेत विचारा, पाच मुद्दे लिहून देतील.

अडते ते त्याच्या आधी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८० च्या दशकात नैतिक वागणुकीची चार अंगे वेगळी करून दाखवली. समोरच्या प्रसंगात कुणाचे तरी बरेवाईट गुंतले आहे हे जाणवणे, त्यात योग्य काय ते ठरवणे, इतर स्वार्थ बाजूला सारून तेच करावेसे वाटणे आणि शेवटी ते तडीस नेण्याची धमक. पहिल्या अंगाला त्यांनी नैतिक संवेदनशीलता म्हटले. त्याच विद्यापीठातल्या म्युरिएल बेबो यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना डॉक्टर आणि रुग्ण यांची ध्वनिमुद्रित संभाषणे ऐकवली आणि विचारले, इथे काय पणाला लागले आहे? तर्काने नीती उत्तम मांडणाऱ्या काही विद्यार्थ्यांना त्या बोलण्यात खटकण्याजोगे काही आढळलेच नाही. नीतीविषयी बोलता येणे आणि नीतीचा प्रसंग ओळखता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि दुसरे कौशल्यही सरावाने वाढते, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

हे समजायला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबायचे; अशा आदिवासींना इथे ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारली गेली आणि पुढे मोठा लढा झाला. पण त्याआधी कित्येक पिढ्या हे सगळे उघड्यावर चालले होते. तलाठी पाहत होता, मास्तर पाहत होते, लग्नाला जाणारे पाहुणे पाहत होते. ते सगळे दुष्ट होते असे मानायचे कारण नाही. ती रीत होती, आणि रीत म्हटली की विचारायचे काही उरत नाही. १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. त्यानंतरही १९८० च्या दशकाच्या आरंभी विवेक आणि विद्युल्लता पंडित या तरुण जोडप्याला वसई तालुक्याच्या पूर्व भागात वेठबिगार सापडले आणि श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्या वेळी वसई रोडला महाविद्यालय सुरू होऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. वर्गात करार कायदा शिकवला जात असणार. करार स्वेच्छेचा असावा लागतो, ही त्यातली पहिलीच अट. वर्ग आणि पाडा यांत फार तर एसटीचा एक प्रवास होता.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: दिसणारी गोष्ट खरोखर दिसावी, यासाठी काय लागते आणि कशाने ती दिसेनाशी होते?

यावरचा एक प्रयोग इथल्या कॅथलिक वाचकांना विशेष रुचेल. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतल्या चाळीस विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय होता नोकरीच्या संधी, तर काहींना चक्क दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलायचे होते. वाटेत जखमी पडलेल्या परक्यासाठी थांबणाऱ्याची ती गोष्ट. वाटेत दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत पडलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. कोण थांबले? भाषणाच्या विषयाने लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना वेळेवर निघा असे सांगितले होते त्यांच्यापैकी ४५ टक्के आणि ज्यांना उशीर झाला असे बजावले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. चाळीस म्हणजे थोडेच विद्यार्थी आणि असा एकच प्रयोग, हे लक्षात ठेवूनही हा निकाल वसई-विरारने आपल्या भिंतीवर लावावा असा आहे.

कारण हे शहर घाईवरच उभे आहे. विरार ते चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. पार्ले, अंधेरी, चर्चगेटच्या महाविद्यालयांत जाणारी मुले भल्या पहाटे निघतात. इथल्याच महाविद्यालयात शिकणारी अनेक मुले सकाळचे वर्ग संपवून दुपारी मॉलच्या काउंटरवर, क्लासमध्ये, कॉल सेंटरमध्ये किंवा डिलिव्हरीच्या दुचाकीवर असतात. बाप सहाला निघतो, रात्री दहाला परततो. अशा घरात वेळ हीच खरी संपत्ती. तिची उधळपट्टी कुणी शिकवत नाही. आणि दुसऱ्यासाठी थांबणे ही हिशेबात उधळपट्टीच असते.

लोकल मात्र नुसती घाई शिकवत नाही, ती नीतीही शिकवते, आणि कसून. नालासोपाऱ्याचा मुलगा पहिल्या आठवड्यात शिकतो की जागा हवी तर आधी उलटे विरारला जायचे आणि तीच गाडी धरून परतायचे. दुसऱ्या आठवड्यात कळते की कोपऱ्यातली आसने कुठल्या ग्रुपची आहेत. मग हळूहळू त्या ग्रुपचे कायदे उमगतात. बसलेल्याने अर्ध्या वाटेत उठून उभ्याला बसवायचे. कुणाची आई इस्पितळात असेल तर पैसे गोळा करायचे. कुणी चार दिवस दिसला नाही तर फोन करायचा. दसऱ्याला डबा सजवायचा. यात न्याय आहे, आपुलकी आहे, शिस्त आहे; नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाला हेवा वाटावा अशी पाळली जाणारी नीती आहे. आणि हाच ग्रुप संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला दार अडवतो, त्याच्यावर हसतो, कधी हातही टाकतो. तीच माणसे, तोच डबा.

या मुलांमध्ये संवेदना नाही, हे म्हणूनच खरे नाही. तिला कुंपण आहे. कुंपणाच्या आत ती अतिशय तीक्ष्ण असते. मित्राच्या आवाजातला फरक या वयात जितका पटकन ओळखता येतो तितका पुढे कधीच येत नाही. कुंपणाबाहेरचा माणूस मात्र गर्दीचा भाग होतो, आणि गर्दी दुखावली जाते असे कुणाला वाटत नाही. महाविद्यालयाचे काम या वयात ते कुंपण थोडे मागे सरकवणे एवढेच आहे. नवी संवेदना पेरायची गरज नाही.

परक्या माणसाशी संबंध आणला की कुंपण आपोआप मागे सरकते, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरेझा होजत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहवेदना वर्षागणिक मोजली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहवेदना घसरली ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे नेमकी विद्यार्थी रुग्णांच्या खाटेपाशी पोचतात तेव्हा. संबंध आला, पण कामाचा रगाडा, झोपेचा अभाव आणि कोरडेपणाने वागणारे वरिष्ठ यांच्यासकट आला. माणसे दाखवून भागत नाही. माणसांशी कसे वागायचे हे दाखवणारे कुणीतरी सोबत लागते आणि पाहिलेले पचवायला वेळ लागतो. भारतात वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र घटक २०१९ च्या तुकडीपासून आला, तो याच जाणिवेतून. बी.कॉम. करणाऱ्याला रुग्ण भेटत नाहीत. पण उद्या तो कर्जाच्या वसुलीचे फोन करणार आहे, विम्याचे दावे तपासणार आहे, घराचे व्यवहार करून देणार आहे.

घरांचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसे रस्त्यावर आली, ऐन परीक्षांच्या हंगामात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या विजय नगर भागातली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जण गेले. या दोन घटनांच्या मधल्या महिन्यांत इथला विद्यार्थी नीतीविषयी जे शिकला ते कुठल्याही श्रेयांकापेक्षा खोल गेले असणार. अनधिकृत इमारतीतही वीजमीटर येतो, घरपट्टीची पावती येते, उद्घाटनाला पुढारी येतात. नियम पाळून घर घ्यायचे तर बापाच्या पगारात ते बसत नाही. आणि जेव्हा पाडायची वेळ येते तेव्हा बुलडोझर घर घेणाऱ्याच्या दाराशी येतो. बांधणारा, परवानगीचे खोटे कागद करणारा आणि त्याकडे डोळेझाक करणारा यांच्या दाराशी यायला त्याला फार वेळ लागतो. अशा शहरात वाढलेल्या मुलाला ‘प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण’ यावर निबंध लिहायला सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. तो उपरोधाने हसला तर त्याला निर्ढावलेला म्हणू नये. त्याला नेमका अन्याय दिसला आहे. त्याचे पुढे काय करायचे, हे कुणी सांगितलेले नाही.

वर्गातले चित्र यापेक्षा वेगळे कसे असेल? मानवी हक्कांवरचा प्रकल्प महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळत असे. आता तेवढे चालावेही लागत नाही, चॅटबॉट घरबसल्या लिहून देतो. हजेरीत एकाच्या नावाला दुसरा ‘येस सर’ म्हणतो. डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कॉपीशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो ‘इतर करत आहेत’ या समजुतीचा. नियमावलीची कडकता त्याच्या मागे राहिली. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा १९८२ पासून आहे. तरी २०१० मध्ये नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने चालवली, तेव्हा तो राज्यभर बातमीचा विषय झाला. कायदा अमलात येणे ही बातमी ठरावी, यातच अभ्यास करणाऱ्या मुलाने काय समजायचे ते आले. त्याला नीती शिकवण्याची गरज नव्हती; आपण मूर्ख ठरणार नाही एवढा भरवसा हवा होता.

भरवशाचा हा मुद्दा रस्त्यावरच्या प्रसंगालाही लागू आहे. पुढे होणाऱ्याची भीती खोटी नसते. २०११ मध्ये अंधेरीच्या अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकणारे दोन तरुण जिवाला मुकले. त्या बातम्या ऐकतच आजचे विद्यार्थी मोठे झाले. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी वा इस्पितळाने अडकवू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने तो मोटार वाहन कायद्यात आला. हे किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? कायद्याच्या वर्गाबाहेर फार थोड्यांना, असा आमचा अंदाज. महाविद्यालयात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत तक्रार समिती असते, रॅगिंगविरोधी समिती असते, त्यांच्या सदस्यांची नावे फलकावर असतात. पण तक्रार करणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले, हे फलकावर नसते. ते कॅन्टीनमध्ये कळते. दर वर्षीची प्रथम वर्षाची तुकडी महाविद्यालयाची खरी नीती तिथेच शिकते.

मात्र चिंचपाड्याच्या प्रसंगावरून ‘बघे कधीच मदत करत नाहीत’ असा सिद्धांत मांडू नये. इंग्लंडमधले लँकेस्टर, अॅमस्टरडॅम आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांच्या सीसीटीव्ही चित्रणाचा अभ्यास रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी केला. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक बघ्या मध्ये पडला होता, आणि बघे जितके अधिक तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे माणूस पुढे होतोच. शस्त्र समोर असताना एकट्याचे चालत नाही, हेही तितकेच खरे. दुसरा आणि तिसरा केव्हा पुढे यायचा, लांबून आरडाओरडा कसा करायचा, ११२ ला कुणी फोन लावायचा, हे आधी कधी तरी बोललेले असावे लागते. अग्निशमनाचा सराव होतो, तसा याचा होऊ शकतो. एका दुपारचे काम आहे.

या भूमीला दुसरा आणि तिसरा पुढे येण्याचा अनुभव नाही असे थोडेच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टँकर वसईच्या विहिरी उपसत होते, बागायतींवर बिल्डरांचा डोळा होता आणि दहशतीने माणसे गप्प होती. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने आवाज उठवला. दिब्रिटो १९८३ पासून ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादक होते. पुढे ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा त्याच गोष्टीची जास्त आठवण काढली गेली. आमच्या मते त्यांचे मोठे काम आधीचे. पाण्याचा टँकर हा तोवर धंद्याचा विषय होता, त्यांनी तो नीतीचा केला. शेजाऱ्याची विहीर आटते आहे हे जे सगळ्यांना दिसत होते, ते त्यांनी सगळ्यांना एकत्र पाहायला लावले, आणि मोर्चात पुढे स्वतः चालले. त्या चळवळीने हिरवी वसई पूर्ण वाचवली नाही, हे वसई रोड स्थानकातून बाहेर पडणाऱ्या कुणालाही दिसते. पण त्या मोर्चांत आईबापांचे बोट धरून गेलेली पिढी पाणथळ जागेवर भराव पडताना पाहते तेव्हा तिला तो नुसता भराव दिसत नाही.

महाविद्यालयांकडे या कामासाठी एक हाताशी असलेले साधन आहे: राष्ट्रीय सेवा योजना. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर, असा तिचा साचा आहे. तिची चेष्टा खूप होते. वनराई बंधाऱ्यापेक्षा बंधाऱ्यासमोरचा फोटो महत्त्वाचा, पथनाट्यापेक्षा अहवाल महत्त्वाचा आणि सगळ्यांपेक्षा परीक्षेतले दहा वाढीव गुण महत्त्वाचे, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. तरीही सात दिवस एका पाड्यावर राहणे म्हणजे सात दिवस लोकल न पकडणे, हे लक्षात घ्या. विरारच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली मुलगी हंडा घेऊन पाण्याला जाते, संध्याकाळी तिथल्या मुलांशी खेळते, रात्री शाळेच्या व्हरांड्यात पथारीवर पडून बोलते. घाई नाही, परका माणूस समोर आहे आणि पाहिलेल्यावर बोलायला मंडळी आहेत. आम्ही वर ज्या ज्या गोष्टी लागतात म्हटले, त्या एवढ्या एकत्र दुसरीकडे कुठे जुळत नाहीत. दहा गुणांसाठी आलेलाही पाचव्या दिवशी गुण विसरतो, असे कार्यक्रम अधिकारी सांगतात. सगळेच विसरत असतील असे नाही. पण एका महाविद्यालयात ही संधी मिळते ती शंभर-दोनशे मुलांना, आणि ज्यांना दुपारी नोकरीवर जायचे असते ती नाव नोंदवतच नाहीत. ज्यांचा वेळ सगळ्यात तंग, त्यांच्याच वाट्याला हे येत नाही. शिबिराचे काही दिवस वेळापत्रकातच धरले, सगळ्या शाखांना आळीपाळीने दिले, तर निदान नाव नोंदवण्याचा अडसर जाईल.

राहिला तो सोबत बसणारा शिक्षक. विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढले, अनुदानित जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची संख्या वाढत गेली. त्यांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. तास संपल्यावर व्हरांड्यात थांबून एखाद्या मुलाचे ऐकून घेण्याचे मिळत नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांना अकरा वाजता एका महाविद्यालयातून निघून साडेबाराला दुसरीकडे उभे राहायचे असते. मूल्यशिक्षणाचा तासही बहुधा त्यांच्याच गळ्यात पडतो, कारण कायम प्राध्यापकांना तो नको असतो. नव्या शैक्षणिक वर्षाचा कार्यभार ठरवताना विद्यापीठाने आणि संस्थाचालकांनी त्या न शिकवलेल्या तासाचे मानधन आधी मंजूर करावे. मूल्यांची पाठ्यपुस्तके त्यानंतर छापली तरी चालतील.